सुईण

सुईण : घरी होणाऱ्या बाळंतपणात प्रसूतीस साहाय्य करणारी आणि नंतर काही दिवस बाळंतीण व अर्भक यांची शुश्रूषा करणारी अनुभवी स्त्री. तिला दाई असेही म्हणतात. नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीखालील हैदराबाद संस्थानात मोडत होता. या प्रदेशाच्या सीमाभागातील तेलुगू भाषक सुईणीला ‘मंत्रसानी’, तर कन्नड भाषक ‘सूलगित्ती’ म्हणत. खेड्यापाड्यांतून दवाखान्यांचा अभाव असल्याने प्रसूतीची सारी भिस्त तिच्यावरच असे.

हे कौशल्य लिखित नव्हते. ते बहुधा सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून मुलीकडे येई. पोटावर हात फिरवून गर्भाची स्थिती अजमावणे, कळांचे अंतर ओळखणे, कंबर व पाठ चोळून धीर देणे ही तिची मुख्य कामे. प्रसूती बहुधा उकिडवे बसवून होई. अनेक सुइणी वार पडल्यावरच नाळ कापीत. पुढे दहा-बारा दिवस तेल लावून बाळंतीण व बाळ यांना न्हाऊ घालणे, बाजेखाली शेक देणे व पाचव्या दिवशी सटवाईच्या पूजेस साहाय्य करणे हेही तिच्याकडे असे.

या ज्ञानाला मर्यादाही होत्या. विळ्याने कापलेल्या नाळेवर राख किंवा हळद लावल्याने अर्भकास धनुर्वात होण्याचा धोका असे. मूल आडवे आल्यास किंवा अतिरक्तस्राव झाल्यास सुईणीचा उपाय खुंटे. अशा वेळी स्त्रीला बैलगाडीतून तालुक्याच्या गावी न्यावे लागे. पावसाळ्यात मांजरा किंवा मन्याड नदीला पूर आल्यास तीही वाट बंद होई.

सुईणीचे सामाजिक स्थान विसंगतीचे होते. प्रसूती अशौचाची मानली गेल्याने नाळ कापणे व वार पुरणे ही कामे अनेक गावांत मातंग व इतर दलित जातींतील स्त्रियांकडे असत. ज्या घरात अपत्याला पहिला स्पर्श तिचा होई, त्याच घराचा उंबरठा सुवेर फिटल्यावर तिला परका होई. मोबदला म्हणून ज्वारी, खण-चोळी, नारळ किंवा जुने लुगडे मिळे; मुलगा झाल्यास तो बहुधा अधिक असे. ‘सुईण आहे तोवर बाळंत होऊन घ्यावे’ या म्हणीतून तिच्या उपस्थितीचे मोल व्यक्त होते. तथापि तिच्या श्रमाला निश्चित वेतन कधीच नव्हते.

१९७० च्या दशकापासून शासनाने दाईंना व्यापक प्रमाणावर प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. हात, प्रसूतीची जागा, पाते व दोरा यांच्या स्वच्छतेवर त्यात भर होता. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतीस प्रोत्साहन दिले व गर्भवतीसोबत जाण्याचे काम ‘आशा’ कार्यकर्तीकडे आले. लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांमुळे माता व नवजात अर्भकांमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये घोषित झाले. परिणामी सुईणीचे काम मुख्यत्वे मालिश व न्हाऊ घालणे यांपुरते उरले. माता व अर्भके यांचे धोके घटले. परंतु प्रसववेदनेच्या काळात शेजारी बसून धीर देण्याचे तिचे कौशल्य मात्र फारसे नोंदले गेले नाही.