सोपी चढण, दूरदूरचे खिळे

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत योसेमिटी नांवाचें खोरें आहे. त्याच्या पूर्व टोकास 'हाफ डोम', म्हणजे अर्धा घुमट, हा ग्रॅनाइटचा प्रचंड डोंगर उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून ८,८०० फुटांहून अधिक. एका अंगानें तो उभ्या कड्यासारखा तुटलेला आहे. नैर्ऋत्येकडील पाठ मात्र गोलसर व गुळगुळीत. या पाठीवरून १९६५ सालीं एरिक बेक, जिम ब्रिडवेल व ख्रिस फ्रेडरिक्स या तिघांनीं शिखर गांठलें. त्या वाटेस 'स्नेक डाइक' असें नांव मिळालें. अमेरिकन गिर्यारोहक वाटेंतील सर्वांत अवघड पावलास अंक देतात. ही मोजपट्टी आज ५.० पासून ५.१५ पर्यंत पोंचली आहे. स्नेक डाइकचा अंक अवघा ५.७. परंतु अंकापुढें 'आर' हें अक्षर जोडलेलें असतें, आणि खरी गोम त्या अक्षरांत आहे.

प्रथम हा साप कोणता तें पाहूं. भूगर्भांत ग्रॅनाइटचा रस थिजल्यावर त्यास भेगा पडल्या व त्यांत दुसरा रस शिरून थिजला. हा दगड अधिक चिवट. भोंवतालचा ग्रॅनाइट पाऊस व बर्फ यांनीं झिजला आणि ही शीर वळणें घेत वर उठून राहिली. शिरेवर खांचा व उंचवटे असल्यामुळें चढणें सोपें. तिच्यापर्यंत नेणाऱ्या उघड्या कातळावर मात्र बोटांनीं धरण्याजोगें फारसें कांहींच नाहीं. तेथें सारी भिस्त बुटाच्या रबरी तळव्यावर. ४५ अंशांच्या उतारावर उभें राहावयाचें, तर घर्षण दाबाइतकेंच मोठें असावें लागतें. घाबरलेला मनुष्य स्वभावतःच कातळास बिलगतो. तसें करतांच पायांवरचा दाब घटतो व पाय सुटतात. कंबर बाहेर, टांच खालीं, भार पायांवर, ही रीत मनाविरुद्ध असली तरी तीच तारते. कातळ ओला झाला कीं तीहि निरुपयोगी ठरते, आणि या पर्वतांत उन्हाळ्याच्या दुपारीं वादळी पाऊस येतो.

आतां दोराविषयीं. फटी असलेल्या कड्यांत पाचर अडकवून दोर बांधतां येतो. अखंड कातळांत फट नाहीं. तेथें भोंक पाडून पोलादी खिळा बसवावा लागतो. पहिला चढणारा हें काम मिळेल त्या टीचभर जागेवर उभा राहून, एका हातांत छिन्नी व दुसऱ्या हातांत हातोडा घेऊन करतो. साहजिकच तो खिळे थोडे ठोकतो. आणि जेथें चढण सोपी, तेथें त्याला खिळ्याची गरजच भासत नाहीं. म्हणून सोप्या भागांतच अंतरें मोठीं पडतात! शेवटच्या खिळ्याच्या ३० फूट वर पाय घसरला, तर मनुष्य ३० नव्हे, ६० फूट जातो, शिवाय दोराचा ताण निराळा. उभ्या कड्यावर तो निदान हवेंतून पडतो. येथें तो खरखरीत दगडावरून घांसत, आदळत जातो. 'आर' हें अक्षर याच लांब व दुखापतीच्या पडण्याची सूचना देतें.

पहिल्या चढाईंत खिळे फारच विरळ होते. त्या तिघांनाच तें खटकलें, व त्यांच्या संमतीनें पुढच्या मंडळींनीं आणखी कांहीं ठोकले. संमति कशाला, असें श्रोत्यांस वाटेल. परंतु वाट प्रथम ज्यांनीं काढली त्यांच्या धैर्याचें माप पुढच्यांनीं बदलूं नये, असा या लोकांचा जुना संकेत आहे. त्यावर आक्षेप असा कीं, निष्णात मनुष्याला जेथें पडण्याची भीतीच नव्हती, तेथें नवख्याचा जीव त्या मापावर कां लावावा? आक्षेप वजनदार आहे. स्नेक डाइकपुरता तरी पहिल्यांनींच तो मान्य केला, हें त्यांच्या मोठेपणाचें. गंजलेला खिळा काढून जाड नवा बसविण्यास सहसा कोणी हरकत घेत नाहीं. नव्या भोंकावरून मात्र अजूनहि कडाक्याचे वाद होतात.

याच डोंगरावर १८७५ सालीं जॉर्ज अँडरसन दुसऱ्या बाजूनें भोंकें पाडीत व लोखंडी कड्या ठोकीत प्रथम शिखरावर गेला. तेथेंच १९१९ सालीं सिएरा क्लबनें तारेचे दोर लावले. स्नेक डाइकवरून वर आलेली मंडळी त्याच दोरांना धरून खालीं उतरतात.