टंच कोणी काढायचा?

गूगलने ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’ ही योजना ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःच गुंडाळली. ज्या त्रयस्थ कुकी, म्हणजे पाहत असलेल्या संकेतस्थळाऐवजी बाहेरच्या कंपनीने माग काढण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, हटवण्यासाठी हा सहा वर्षांचा खटाटोप झाला, त्या क्रोममध्ये अजून चालूच आहेत. लेखमालेच्या या भागात फिंगरप्रिंटिंग, म्हणजे फोनच्या बारीकसारीक खुणांवरून तो ओळखण्याचे तंत्र, येणार होते, ते पुढे ढकलले आहे. चांदीचे दागिने घडवणाऱ्या हुपरीहून आलेला एक प्रश्न आडवा आला, आणि त्याचे उत्तर या फसलेल्या योजनेतून गेल्याशिवाय मिळत नाही.

प्रश्न असा: ‘क्रोमच्या गुप्त मोडमध्ये चांदीचा भाव पाहिला, तरी चांदीच्या जाहिराती दिसतात. मग गुप्त काय राहिले?’

आधी कंपनीचा ताळेबंद. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिचे २०२४ चे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते आणि त्यातला तीन चतुर्थांश वाटा जाहिरातींचा. २००८ पासून फुकट मिळणारा क्रोम याच घरचा. जाहिरातदार जागा विकत घेतो ती यंत्रणा, संकेतस्थळे जागा विकतात ती यंत्रणा, दोघांत लिलाव लावणारा बाजार आणि शेवटी ‘किती जणांनी पाहिले’ हे मोजणारे साधन, या चारही ठिकाणी गूगल आहे. गंमत अशी की गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये असताना लिहिलेल्या प्रसिद्ध शोधनिबंधाच्या परिशिष्टात जाहिरातींवर चालणाऱ्या सर्च इंजिनांबद्दल शंका घेतली होती. अशी इंजिने जाहिरातदाराकडे झुकणार आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाणार, असा त्यांचा होरा होता. गूगलने स्वतःची ‘ॲडवर्ड्स’ सेवा सुरू केली ती २००० साली.

कुकींवर पहिला घाव गूगलने घातला नाही. ॲपलच्या सफारीने २०१७ पासून त्या आवळत नेल्या आणि मार्च २०२० मध्ये त्रयस्थ कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून माग काढणाऱ्या ओळखीच्या कुकी मुळातच अडवायला सुरुवात केली. हे दोघे धुतल्या तांदळासारखे आहेत असे मात्र नाही. सफारीत शोधासाठी गूगल आपोआप उघडावे म्हणून गूगलने एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही अशाच करारातून येते. जून २०२४ मध्ये मोझिलाने ‘ॲनोनिम’ ही जाहिरात-तंत्राची कंपनी विकत घेतली. पुढच्याच महिन्यात फायरफॉक्समध्ये जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक प्रायोगिक सोय आली, आणि ती वापरणाऱ्याला न विचारता चालू ठेवलेली होती. टीका झाली, युरोपात तक्रार गेली आणि सोय मागे पडली. जाहिरातीच्या पैशाशी संबंध आला की ब्राउझरच्या गोपनीयतेची भाषा कशी बदलते, याचा हा छोटा नमुना.

गूगलचा २०१९ मधला युक्तिवाद सगळाच खोटा नव्हता. कुकी सरसकट बंद केल्या तर जाहिरात कंपन्या फिंगरप्रिंटिंगसारख्या न दिसणाऱ्या मार्गांकडे वळतील आणि फुकट वाचायला मिळणाऱ्या संकेतस्थळांचे उत्पन्न बुडेल, असे कंपनीचे म्हणणे होते. यातला दुसरा मुद्दा मराठी वृत्त-संकेतस्थळांनाही लागू पडतो. जानेवारी २०२० मध्ये गूगलने दोन वर्षांची मुदत जाहीर केली. त्या अवधीत कुकींना पर्याय शोधायचा आणि मग त्या काढून टाकायच्या.

पहिला पर्याय होता ‘फ्लॉक’, आणि त्याची कहाणी भारताशी थेट जोडलेली आहे. मार्च २०२१ मध्ये ज्या दहा देशांत त्याची चाचणी सुरू झाली, त्यांत भारत होता. युरोपातला एकही देश नव्हता, कारण तिथला माहिती-संरक्षणाचा कायदा आडवा आला असता. भारतात तेव्हा तसा कायदाच नव्हता. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. या दहा देशांतल्या क्रोम वापरणाऱ्यांपैकी अर्धा टक्का लोक चाचणीत घेतले गेले, तेही परवानगी न विचारता. आपण त्यात आहोत का हे कळावे म्हणून ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेला वेगळे पान काढावे लागले. क्रोममध्ये तशी खूणच नव्हती.

फ्लॉकमध्ये ब्राउझर गेल्या सात दिवसांत पाहिलेल्या संकेतस्थळांवरून गणित करून माणसाला एका गटात टाकत असे. गटात सारख्या सवयींची हजारो माणसे असत. संकेतस्थळाला माणसाऐवजी गटाचा क्रमांक मिळे. कागदावर हे कुकीपेक्षा सभ्य दिसते. मात्र तो क्रमांक मागेल त्या प्रत्येक संकेतस्थळाला मिळणार होता. एखाद्या दुकानात ग्राहकाने नाव आणि मोबाइल नंबर देऊन खाते उघडले, की दुकानदाराला नाव आधीच ठाऊक आणि आठवडाभराच्या सवयींचा गोषवारा क्रोमकडून फुकट. ब्रेव्ह आणि विवाल्डी या ब्राउझरांनी फ्लॉक घ्यायला सरळ नकार दिला. जुलै २०२१ मध्ये चाचणी थांबली.

जानेवारी २०२२ मध्ये ‘टॉपिक्स’ आले. गटाच्या जागी विषयांची जाहीर यादी आली, सुरुवातीला साधारण साडेतीनशे विषयांची. ब्राउझर दर आठवड्याला माणसाच्या आवडीचे पाच विषय काढी, तीन आठवडे जपी आणि मागणाऱ्याला त्यांतले काही सांगे. शंकेला जागा राहावी म्हणून वीसपैकी एका वेळी मुद्दाम भलताच विषय देई. रचना फ्लॉकपेक्षा निश्चितच बरी होती. लोकांसमोर ती मांडण्याची तऱ्हा मात्र बरी नव्हती. २०२३ च्या जुलैपासून युरोपात क्रोममध्ये जी सूचना झळकली, ती जाहिरातींबाबतची गोपनीयता वाढवण्याची सोय म्हणून. नॉयब या संस्थेने जून २०२४ मध्ये ऑस्ट्रियात तक्रार केली, की लोकांना वाटते आपण संरक्षण चालू करतो आहोत, प्रत्यक्षात ते ब्राउझरलाच स्वतःचा माग काढायची संमती देत आहेत.

हुपरीच्या वाचकांना या पेचाचे मर्म चटकन कळावे. पैंजण कितीही झळाळले, तरी त्यात चांदी किती हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी टंच काढावा लागतो, आणि तो माल विकणाऱ्याच्या शब्दावर सोडून चालत नाही. हॉलमार्कची सगळी रचना याच अविश्वासावर उभी आहे. शुद्धता तपासून खूण उमटवण्याचे काम मान्यताप्राप्त केंद्राचे, सराफाचे नाही. चांदीच्या दागिन्यांना १ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक नगाला वेगळा ओळख-क्रमांक देणारे हॉलमार्क आले आहे. ते ऐच्छिक असले तरी तपासणारा वेगळाच असतो. क्रोमच्या बाबतीत माल घडवणारा, विकणारा आणि टंच सांगणारा एकच आहे. क्रोम ज्यावर बेतला आहे त्या क्रोमियमची संगणकीय संहिता खुली असल्याने फोनवर काय घडते ते जाणकाराला तपासता येते, एवढे गूगलच्या बाजूने सांगायला हवे. माहिती गूगलच्या सर्व्हरवर पोचल्यावर पुढे काय होते, तिथे ही तपासणी संपते.

या एकाच हातात सगळे असण्याला पहिला खरा लगाम घातला तो ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने. जानेवारी २०२१ मध्ये त्याने चौकशी उघडली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गूगलकडून बंधनकारक हमी घेतली. त्रयस्थ कुकी गेल्या तर आंधळे होणार होते गूगलचे प्रतिस्पर्धी. गूगल सर्च, यूट्यूब, मॅप्स ही गूगलचीच दारे. तिथे माणूस स्वतःच्या खात्याने आत येतो, त्यामुळे तिथली नोंद त्रयस्थ कुकींवाचूनही चालू राहते. लोकांचा माग कमी लागेल पण जाहिरातीचा बाजार आणखी एकवटेल, अशी ही चिंता होती. जाहिरात कंपनीने दिलेली कोणतीही गोपनीयतेची सोय पारखताना पाहायचे ते हेच: डोळे कोणाचे झाकले आणि कोणाचे उघडे राहिले. सँडबॉक्समध्ये गूगलचे उघडे राहत होते.

पुढचा प्रवास माघारीचा आहे. मुदत तीनदा सरकली. जानेवारी २०२४ मध्ये एक टक्का लोकांच्या क्रोममध्ये त्रयस्थ कुकी रोखल्या गेल्या. त्याच वर्षी जुलैत गूगलने कुकी काढण्याचा बेतच सोडला आणि लोकांना निवड देऊ असे सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये निवडीसाठी वेगळी विचारणाही होणार नाही असे जाहीर झाले. ऑक्टोबरात टॉपिक्ससह बहुतेक तंत्रे निवृत्त झाली आणि योजनेचे नावही उतरवले गेले.

आता गुप्त मोड. खिडकी बंद केली की फोनवरचा इतिहास आणि कुकी पुसणे, हे त्याचे मुख्य काम. त्याच फोनवर नंतर बसणाऱ्याला भाव पाहिल्याचे कळत नाही. संकेतस्थळाला भेट कळते, इंटरनेट पुरवणाऱ्याला कळते आणि त्या पानावर गूगलचे मोजमाप-साधन असेल तर गूगललाही कळते. नेमक्या याच मुद्द्यावर जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियात किमान पाच अब्ज डॉलरच्या भरपाईचा सामूहिक दावा दाखल झाला. डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली. तिच्या अटी एप्रिल २०२४ मध्ये पुढे आल्या: अब्जावधी नोंदी नष्ट करायच्या आणि गुप्त मोड नेमके काय लपवतो ते स्पष्ट लिहायचे. सामूहिक भरपाई म्हणून वापरणाऱ्यांना एक डॉलरही मिळाला नाही.

तरी दिसलेली प्रत्येक जाहिरात पाळतीतून आलेली नसते. चांदीच्या भावाच्या पानावर चांदीची जाहिरात लागायला वाचकाबद्दल काहीच माहीत असावे लागत नाही. पानाचा विषय पुरतो, वर्तमानपत्रांत हेच चालत आले आहे. शंका घ्यावी ती क्रिकेटच्या पानावर पैंजण दिसले तर. तेव्हा गुप्त खिडकीतही गूगल खात्यात प्रवेश केला होता का, आणि भाव आधी कधी साध्या खिडकीत किंवा एखाद्या ॲपमध्ये पाहिला होता का, हे आठवून पाहावे. व्यापाऱ्याच्या बाबतीत आणखी एक जागा तपासण्यासारखी आहे: त्याचे स्वतःचे संकेतस्थळ. जाहिरातीचा हिशेब लागावा म्हणून बनवून देणाऱ्याने त्यात गूगलचा टॅग घातलेला असेल, तर गिऱ्हाइकाची भेट गूगलला कळवण्याचे काम त्याचेच दुकान करते आहे.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या विभागात त्रयस्थ कुकी कायमच्या बंद करता येतात. गूगलने स्वतःहून केले नाही ते एवढ्याने होते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये जाहिरात रोखणारी एक्स्टेन्शन घालता येत नाहीत, फायरफॉक्समध्ये येतात. फिंगरप्रिंटिंगवर मात्र कुकी बंद करण्याचा काही परिणाम होत नाही. २०१९ मध्ये गूगलने तेच कारण सांगून कुकी लगेच काढायला नकार दिला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच गूगलने आपल्या जाहिरातदारांवरचा फिंगरप्रिंटिंगचा निर्बंध सैल केला. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने त्या निर्णयाला बेजबाबदार म्हटले. ते तंत्र चालते कसे, हे पुढच्या भागात.