पतसंस्थेला नेटफ्लिक्सची आज्ञावली कशाला?

समजा, जळगावच्या एका पतसंस्थेत धुळ्याची शाखा धरून दिवसाला २,००० व्यवहार होतात. आठ तासांचे सेकंद २८,८००. म्हणजे साधारण १४ सेकंदांना एक व्यवहार. साधा संगणकही सेकंदाला शेकडो नोंदी करतो. तरीही ‘नेटफ्लिक्ससारखी’ म्हणून दहा तुकड्यांची आज्ञावली संस्थेच्या गळ्यात मारली जाते: खाती एका संगणकावर, व्याज दुसऱ्यावर, पावत्या तिसऱ्यावर.

नेटफ्लिक्सचे प्रेक्षक कोट्यवधी. अभियंत्यांच्या अनेक गटांना एकमेकांसाठी न थांबता काम करता यावे, म्हणून तिथे तुकडे सोयीचे. पण त्यांची किंमत सर्वांनाच मोजावी लागते. हा हिशेब दहावीच्या वर्गातही करता येईल. प्रत्येक तुकडा ९९.९ टक्के वेळ चालतो, व्यवहाराला दहाही तुकडे लागतात आणि त्यांचे बिघाड परस्परांवर अवलंबून नाहीत असे माना. ०.९९९ चा दहावा घात येतो सुमारे ०.९९. एकसंध आज्ञावली वर्षात ९ तास बंद राहत असेल, तर ही सुमारे ८७ तास! शिवाय खात्यातून रक्कम वजा झाली आणि पावतीचा तुकडा बंद पडला, तर ठेवीदाराला काय सांगणार?

खुद्द अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने २०२३ मध्ये चित्र-आवाजाचा दर्जा तपासणारी आपली एक प्रणाली तुकड्यांतून एकसंध केल्याचे सांगितले. तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. (विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.)

पतसंस्थेला खरी निकड असते ती रोजच्या नोंदींची दुसरी प्रत धुळ्यात ठेवण्याची, आणि तिच्यावरून सगळा हिशेब पुन्हा उभा राहतो का, हे अधूनमधून करून पाहण्याची.