शौचातून रक्त गेले म्हणजे मूळव्याधच, असे समजू नका

‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटाचा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेला. वय अवघे ४३. हा म्हातारपणाचा आजार, असे आपण धरून चालतो. पण अनेक देशांत पन्नाशीच्या आतले रुग्ण वाढत आहेत. अमेरिकेत तर तज्ज्ञांनी नियमित तपासणी सुरू करण्याचे वय ५० वरून ४५ वर आणले आहे.

तरुणांना हा आजार का होतो? संशोधकांचे लक्ष आता आतड्यातील जिवाणूंकडे गेले आहे. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. काही प्रकार मात्र कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. हे विष पेशीतील डीएनएला इजा करते आणि तिथे ओळखता येईल अशी खूण मागे राहते.

एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तरीनंतर निदान झालेल्यांपेक्षा चाळिशीच्या आत निदान झालेल्यांत ही खूण ३.३ पट जास्त आढळली. ही इजा बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच होते, असा संशोधकांचा अंदाज आहे.

याचा अर्थ जिवाणू हेच एकमेव कारण, असा नाही. असे जिवाणू अनेक निरोगी माणसांतही असतात. लठ्ठपणा, दारू, तंबाखू आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. म्हणून जिवाणू मारण्यासाठी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

मग आपण काय करायचे? शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होणे, सतत पोट दुखणे ही लक्षणे अंगावर काढू नका. आपल्याकडे रक्त दिसले की मूळव्याध म्हणून घरगुती औषध सुरू होते आणि लाजेपोटी कोणी बोलत नाही. बहुतेक वेळा ती मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवावे. गरज पडल्यास ते कोलोनोस्कोपी करायला सांगतील. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर ते आवर्जून सांगा.

लवकर सापडल्यास हा कर्करोग बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. लाजेपायी ही संधी घालवू नका. मित्रमंडळींतही यावर मोकळेपणाने बोला.