वऱ्हाडातील संमिश्र पेहराव

वऱ्हाडातील संमिश्र पेहराव म्हणजे एखादे उंची, समारंभी वस्त्र रोजच्या साध्या, बहुधा सुती कपड्यांबरोबर वापरण्याची अमरावती, अकोला आणि लगतच्या भागांत आढळणारी पद्धत होय. सुती कुर्त्यावर रेशमी जाकीट, जीन्सवर खणाचा कुर्ता, साध्या सलवार-कमीजवर पैठणीच्या काठाची ओढणी ही तिची आजची परिचित रूपे आहेत. महाराष्ट्राच्या इतर भागांतही ही रूपे दिसतात. शहरी तरुणांमध्ये ती नवी फॅशन म्हणून ओळखली जात असली, तरी तिचे मूळ कापड विकत घेण्याच्या व राखण्याच्या जुन्या रीतीत आहे. ज्या घरात भारी वस्त्रे एक-दोनच असतात, तेथे ती साध्या कपड्यांशी जुळवून घालणे हा हौसेइतकाच हिशेबाचाही भाग असतो.

पार्श्वभूमी

वऱ्हाड हा कापूस पिकवणारा प्रदेश आहे. इ.स. १८५३ मध्ये निजामाकडून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला आणि भारतीय कापसाची मागणी एकाएकी वाढली. इ.स. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरला पोहोचली. ज्या गाड्यांनी कापूस मुंबई बंदराकडे गेला, त्याच मार्गाने लँकेशायरचे स्वस्त कापड वऱ्हाडात आले. रोजच्या वापरात गिरणीचे कापड रूढ होत गेले, तर हातमाग मुख्यतः काठापदराच्या लुगड्यांत टिकून राहिला. साधे कापड गिरणीचे आणि शोभेचे हातमागाचे, ही विभागणी पुढील कित्येक दशके कायम राहिली.

कापडखरेदीची वेळही पिकाने ठरवली. कापसाच्या वेचणीचा आरंभ शेतात ‘सीतादही’ची पूजा करून होतो. कापूस विकला गेल्यावर हाती पैसा येतो आणि त्यानंतर लग्नसराईचा ‘बस्ता’ बांधला जातो. बस्ता म्हणजे लग्नाची संपूर्ण कापडखरेदी. शालू, पैठणी, भारी फेटा अशी वस्त्रे घरात प्रामुख्याने या एकाच प्रसंगी येतात. पुढील अनेक वर्षांचे समारंभ त्यांच्यावरच निभावायचे असतात.

स्त्रियांची वस्त्रे

उंची आणि साधे यांचा मेळ वऱ्हाडात वापरल्या जाणाऱ्या कापडाच्या विणीतच होता. नागपुरी लुगड्याचे अंग सुती आणि काठ रेशमी असे. अंगाला कापूस लागल्याने उन्हाळा सुसह्य होई आणि रेशमाचा खर्च केवळ दिसणाऱ्या भागावर होई. पूर्व विदर्भातील ‘करवती’ या टसर रेशमाच्या साडीत काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. ती साधण्यासाठी काठाचे आणि अंगाचे धागे वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवावे लागतात.

चोळीच्या बाबतीत हाच हिशेब आणखी स्पष्ट होतो. कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा खण महाराष्ट्रभर चोळीसाठी वापरला जाई. चोळीला कापड थोडे लागते. त्यामुळे नऊवारी लुगडे साधे असले तरी चोळी उठावदार ठेवणे अनेकींना परवडत असे. सुती साडीवर रेशमी पोलके घालण्याची आजची पद्धत हे त्याच रीतीचे पुढचे रूप होय.

जुनी साडी टाकून न देता तिचे काठ व पदर नव्या कपड्याला लावणे, तिचे मुलींसाठी परकर-पोलके शिवणे हेही सर्वत्र प्रचलित आहे. पैठणीचे अंग विरले तरी पदर पुष्कळदा शाबूत राहतो. जाकिटे आणि ओढण्या अशाच पदरांतून निघतात. यंत्रमागावरील ‘सेमी पैठणी’ बाजारात आल्यापासून मात्र असा कपडा मुद्दाम नव्या कापडातूनही शिवला जातो. ही साडी दिसायला पैठणीजवळ जाते, पण तिची जर व पोत वेगळे असतात आणि किंमत मूळ पैठणीच्या अंशानेच असते. अमरावतीतील बिझीलँड, सिटीलँड यांसारख्या घाऊक कापडबाजारांतून असा माल लहान गावांच्या दुकानांपर्यंत जातो.

पुरुषांचा पेहराव

खेड्यांत धोतर, बंडी आणि डोक्याला रुमाल हा नेहमीचा वेश होता. लग्नात किंवा जत्रेत धोतर तसेच राही आणि रुमालाच्या जागी जरीच्या पदराचा फेटा येई. इंग्रजी शिक्षणाबरोबर धोतरावर कोट आणि डोक्याला पगडी असा वेश शहरांतील वकील, शिक्षक आणि कारकुनांत रूढ झाला. इ.स. १८९७ मध्ये अमरावतीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते. त्यांच्या पिढीतील सुशिक्षितांना धोतर आणि कोट यांचा मेळ विसंगत वाटत नसे. आज कोटाची जागा बिनबाह्यांच्या जाकिटाने आणि धोतराची जीन्सने घेतली आहे.

सामाजिक अर्थ

भारी वस्त्र कोणी नेसावे, हा प्रश्न जातीशी निगडित होता. इ.स. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना हीनपणाची खूण ठरलेली साडी नेसण्याची पद्धत आणि तसेच दागिने सोडून देण्यास सांगितले. स्वच्छ आणि नीटनेटका पोशाख हा त्यांच्या दृष्टीने समतेच्या मागणीचाच भाग होता. त्यामुळे ‘साधे कपडे’ या शब्दांचा अर्थ सर्वांसाठी सारखा नव्हता. ज्यांना चांगले कपडे नाकारले गेले, त्यांच्या साधेपणाला निवड म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूला अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) स्वतः चिंध्यांची गोधडी पांघरत आणि लग्नकार्यात कर्ज काढून खर्च करू नका, असे कीर्तनांतून सांगत. त्यांचा आक्षेप चांगल्या कपड्याला नव्हे, तर ऋण काढून केलेल्या डामडौलाला होता. बस्त्याचा खर्च आजही शेतकरी कुटुंबांना जड जातो. एकदा घेतलेले वस्त्र कपाटात पडून न राहता वारंवार वापरात येणे या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

वापर व निगा

अकोल्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. अशा हवेत अंगभर रेशीम सोसत नाही. रेशमी जाकीट किंवा ओढणी सुती कपड्यावर घातल्यास घाम सुतात मुरतो आणि जर काळी पडण्याचा धोका कमी होतो. दुचाकीवरून जाताना डोक्याला व तोंडाला गुंडाळायचा दुपट्टा मात्र सुतीच असतो, मग आतला पोशाख कितीही भारी असो.

जीन्सबरोबर हलक्या रंगाचे रेशीम घालताना अडचण येते, कारण नव्या डेनिमची नीळ घासून रेशमाला लागते. जीन्स आधी दोन-तीनदा धुतल्यास हा दोष बराच कमी होतो. जाड शिवणी आणि धातूच्या रिव्हेटांत जरीचे धागे अडकतात, म्हणून भरजरी ओढणी कमरेच्या वर राहील अशी घेतात. जरीचे वस्त्र वापरल्यानंतर सावलीत वाळवून मलमलीत गुंडाळतात आणि दर काही महिन्यांनी घडी बदलतात. घडी एकाच रेषेवर राहिली, तर रेशीम त्या रेषेवरच चिरते.