वसईच्या किल्ल्यातला चुना आणि त्यावरचा झाडोरा

वसई-विरारच्या डोंगरात चुनखडक शोधायला निघालात तर हाती काळा पाषाणच लागेल. चुन्यावर जगणारा झाडोरा पाहायचा, तर वसईच्या किल्ल्यात जावे.

कोकणपट्टीच्या जुन्या बांधकामांत शिंपल्यांचा चुना वापरत. शिंपले भट्टीत भाजायचे, चुना विरवायचा, वाळूत मळायचा. भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे चुनखडकच! १५३४ साली वसई पोर्तुगीजांना मिळाली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. पुढे चर्च-मठांची छपरे गेली, गिलावा गळला, सांधे उघडे पडले आणि वनस्पतींना घर मिळाले.

घर तसे खडतरच. पाणी ठरत नाही, माती बोटभर, चुन्यामुळे लोह आणि स्फुरद मुळांना सहज मिळत नाही. पण दांडगी झाडे माजत नाहीत म्हणूनच बारक्यांना वाव मिळतो. युरोपातल्या चुनखडकावरच्या कुरणांत एका चौरस मीटरमध्ये चाळीस जातीही सापडतात, त्या यामुळेच. आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या भिंतींच्या सावलीला हंसराज धरतो, उन्हातल्या माथ्यावर गवत वाढते, पाऊस सरता सरता कुरडू फुलतो. पिवळ्या फुलांची इवली लिंडेनबर्गिया तर अशा भिंतींचीच रहिवासी.

अपवाद वड-पिंपळांचा. पाखरांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते आणि मुळे जाड होत दगड उचकटतात. ती काढलीच पाहिजेत, तीही रोप चार पानांचे असताना. मोठे मूळ ओढले की भिंतही ढासळते, नुसती फांदी छाटली की झाड दुप्पट फुटते. मात्र साफसफाईच्या झपाट्यात हंसराज आणि पिंपळ एकाच खराट्याखाली जातात, हे मला पटत नाही. इंग्लंडमध्ये पडक्या भिंतींच्या माथ्यावर मुद्दाम गवताची ढेकळे बसवतात. त्यामुळे ऊन-पावसाचा मारा सौम्य होतो. वसईच्या मुसळधार पावसात हे जसेच्या तसे चालेल असे नाही, पण एखाद्या तुकड्यावर करून पाहण्याजोगे नक्कीच आहे.

सांधे सिमेंटने भरणे मात्र भिंत आणि रोपे, दोघांच्याही मुळावर येते. सिमेंट ओल कोंडते, त्याने जुना चुना भुसभुशीत होतो आणि रोपांची जागाही जाते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत या किल्ल्याची गणना आहे. डागडुजीआधी दरवेळी एखादा वनस्पतितज्ज्ञ सोबत घेऊन भिंतीवर काय उगवले आहे त्याची नोंद व्हावी, आणि ती सप्टेंबरात, फुले असताना.