रीकन्सिडर म्हणजे रद्द नव्हे



गेल्या काही वर्षांत एका इंग्रजी शब्दाने आपल्या लोकांना जेवढा ताप दिला तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दाने दिला नसेल. शब्द साधा आहे, ‘रीकन्सिडर’. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झालं आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या नागरिकांसाठी इस्राएलच्या नावापुढे ‘रीकन्सिडर ट्रॅव्हल’ असं लिहिलं. झालं! न्यू जर्सीहून फोन, शिकागोहून फोन. आमच्या चुलत बहिणीची सून म्हणाली, “आन्टी, बंदी घातली ना? मग बार मित्स्वाची तिकिटं परत करू?” दुसऱ्या एका घरी तर मुंबईपर्यंत निरोप गेला की अमेरिकेने इस्राएलला जाणं बंद केलं.

बंदी कुणीच घातली नव्हती. जानेवारी २०१८ पासून त्या खात्याने चार पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिलीवर नेहमीची काळजी घ्या, दुसरीवर जरा जास्त काळजी घ्या, तिसरीवर रीकन्सिडर, आणि चौथीवर जाऊच नका. त्या ऑक्टोबरात इस्राएल तिसऱ्या पायरीवर होता, गाझा चौथीवर. म्हणजे ‘जाऊ नका’ असं सांगायचं असतं तर त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी पायरी होतीच. तिसऱ्या पायरीचा अर्थ एवढाच की तुम्ही बेत ठरवला असेल तर तो पुन्हा एकदा समोर ठेवा, धोका काय, गरज काय ते पाहा आणि मग ठरवा. आणि हा सगळा सल्ला आहे, कायदा नव्हे. विम्याची गोष्ट निराळी, तिथली कलमं बारीक अक्षरांत असतात आणि ती वाचलीच पाहिजेत.

आमच्या चुलत बहिणीच्या घरच्यांनी विचार केला आणि ते आले नाहीत. घरात लहान बाळ होतं, बरोबरच केलं. दुसऱ्या घरचे दोघं म्हातारे विचार करून आले, लोदला नातवाच्या सुखात बसले आणि सुखरूप परत गेले. शब्द एकच, दोन घरांची उत्तरं दोन. आमच्या मते दोन्ही घरांनी त्या शब्दाचं ऐकलं.

हे नीट कळायला शब्दाच्या पोटात शिरायला हवं. ‘री’ म्हणजे पुन्हा. ‘कन्सिडर’ हा लॅटिनमधून आला, आणि त्याच्या मुळाशी ताऱ्यांना म्हणतात तो लॅटिन शब्द असावा असं कोशकार मानतात. जुन्या काळी माणसं तारे निरखून बघत, तसं एखादी गोष्ट निरखून बघणं. तेव्हा रीकन्सिडर म्हणजे पुन्हा मान वर करून बघणं. बघितल्यावर काय दिसेल ते शब्दात सांगितलेलं नाही! तेच दिसेल, निराळंही दिसेल.

आपल्या मराठीत याला सुरेख शब्द आहे, फेरविचार. फेरतपासणी, फेरनिवड, फेरमतदान यांतला तोच ‘फेर’. शाळेत मार्कांची फेरतपासणी मागितली की मार्क वाढतीलच असं नाही, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं. तरी फेरविचार म्हटलं की आपली माणसं बेत मोडला असंच का समजतात? आम्हाला वाटतं याचं एक कारण इथल्या भाषेत आहे.

हिब्रूत याला ‘लिश्कोल मेहादाश’ म्हणतात, नव्याने तोलणं. आपल्या खिशातल्या शेकेलचं नावही याच धातूवरून आलं, कारण पूर्वी चांदी तोलून देत. हा शब्द अगदी चोख आहे. पण घरात, बाजारात तो कोण बोलतो? मुलं म्हणतात ‘हितहारातती’. दुकानात आईस्क्रीम बदलून घेतलं तरी हितहारातती, साखरपुडा मोडला तरी हितहारातती. या एका शब्दात पस्तावलो आणि मन बदललं हे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे इथे वाढलेल्या नातवंडांच्या कानाला कुणी ‘आय अ‍ॅम रीकन्सिडरिंग’ म्हटलं की तो माणूस पस्तावला, आता मागे फिरणार, असंच वाटतं. मग ते आजीला मराठीत सांगतात, “नाही येत ते.” आणि आजी तयार केलेली करंजीची पोळी परत फ्रीजरमध्ये टाकते.

करंज्यांचं चालून जातं. माणसाच्या हाडांचं चालत नाही, म्हणून वॉर्डातली एक गोष्ट सांगतो. रुग्णालयाचं नाव सांगण्याची गरज नाही. आम्ही नोकरीत होतो तेव्हा रेवदंड्याकडच्या एक आजीबाई आमच्या वॉर्डात आल्या, ऐंशीच्या पुढच्या, न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलेलं. अशा वयात खुब्याचं ऑपरेशन जितकं लवकर होईल तितकं बरं. दोन दिवसांच्या आत व्हावं असा प्रयत्न असतो, कारण पडून राहिलं की फुफ्फुसात कफ साचतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. आजीबाईंना मध्यरात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. सकाळी त्यांच्या मुलाचा अमेरिकेहून डॉक्टरांना फोन आला. त्याने इंग्रजीत सांगितलं की आम्ही रीकन्सिडर करतो आहोत, भूल पूर्ण द्यायची की कमरेतून द्यायची हे मला आधी समजून घ्यायचं आहे. अगदी रास्त प्रश्न होता. शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकांनी तेवढा एकच शब्द उचलला आणि खाटेपाशी येऊन सांगितलं, “मावशी, ऑपरेशन रद्द.”

आजीबाईंनी पिशवीतून चपाती काढली आणि चहात बुडवून खाल्ली. आम्ही औषधांची ट्रॉली घेऊन आलो तेव्हा ताट रिकामं. “सिस्टर, लेकाने नको म्हटलं, मग उपाशी कशाला राहू?” यात त्यांची काय चूक? तासाभरात मुलाचा होकार आला, पण पोटात अन्न होतं. भूल दिल्यावर उलटी होऊन अन्न फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून हलक्या खाण्यानंतरसुद्धा सहा तास थांबावं लागतं. तोवर थिएटरची त्या दिवसाची यादी भरून गेली. आजीबाईंचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं आणि ती आणखी एक रात्र त्यांनी कण्हत काढली. (खरं म्हणजे विचारायचं ते आजीबाईंनाच. शुद्धीवर होत्या, हुशार होत्या. पण हा दुसऱ्या लेखाचा विषय आहे.)

त्यानंतर आम्ही आमच्या वॉर्डात एक सवय लावून घेतली. घरच्यांपैकी कुणी ‘बघतो’, ‘विचार करतो’, ‘रीकन्सिडर’ असं काही म्हटलं की दोन प्रश्न विचारायचे. उत्तर कधी मिळेल? आणि तोपर्यंत काय चालू ठेवायचं? आजीबाईंच्या बाबतीत उत्तर सोपं होतं: तासाभरात, आणि तोपर्यंत उपास चालू.

नर्सच्या कामात फेरविचार काही खास प्रसंगी करायचा नसतो, रोजच करायचा असतो. मुंबईत शिकताना आणि इथे काम करतानाही तेच: रोग्याची पाहणी करा, अडचण ओळखा, योजना आखा, ती अंमलात आणा, आणि शेवटी योजना लागू पडली का ते तपासा. तिथून पुन्हा पहिल्या पायरीवर. दुखण्यावर इंजेक्शन दिलं की थोड्या वेळाने परत जाऊन विचारायचं, आता दहापैकी किती दुखतंय? आठाचे तीन झाले तर तेच औषध चालू. आठाचे सातच राहिले तर डॉक्टरांना बोलवा. रोगी गुंगायला लागला तर पुढचा डोस थांबवा. बघणं तेच, निकाल तीन. यात कुणी पस्तावत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही.

आता वापराबद्दल थोडं, कारण नातवंडांच्या इंग्रजीत आणि आपल्या अर्जांतही गडबड दिसते. तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेल्यांना हे आवडेल. ‘रीकन्सिडर’च्या पुढे ‘अबाउट’ येत नाही, ‘टू गो’ही येत नाही. ‘रीकन्सिडर गोइंग’ म्हणावं, किंवा सरळ ‘रीकन्सिडर द प्लॅन’. ‘अगेन रीकन्सिडर’ म्हणजे पिवळा पीतांबर. आणि इंग्रज माणूस गोड आवाजात ‘यू मे वाँट टू रीकन्सिडर’ म्हणाला तर सावध व्हा, तो तुम्हाला इशारा देतो आहे. तारीख पुढे ढकलली तर ‘पोस्टपोन’, अलीकडे आणली तर आपण भारतीय ‘प्रीपोन’ म्हणतो, पण इथल्या डॉक्टरांना आणि अमेरिकनांना तो शब्द कळत नाही, आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे. तारीख बदलणं म्हणजे रीकन्सिडर नव्हे, बेत तोच राहतो.

कचेरीत या शब्दाला आणखी धार आहे. अपील वरच्या टेबलाकडे जातं. रीकन्सिडरेशनचा अर्ज बहुधा ज्यांनी निर्णय दिला त्यांच्याच टेबलावर परत येतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात तर आणखी बारकावा आहे. नवीन पुरावा सापडला असेल तर ‘रीओपन’ मागायचं, आणि आहे त्याच कागदांवर नियम चुकीचा लावला असं म्हणायचं असेल तर ‘रीकन्सिडर’. इकडचं तिकडे लिहिलं तर अर्ज तिथेच अडतो. सभांच्या कामकाजासाठी हेन्री रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये जे नियम छापले आणि जे आजही चालतात, त्यांत ठराव रीकन्सिडर करण्याची सूचना फक्त जिंकलेल्या बाजूने मत दिलेला सभासदच मांडू शकतो. हरलेला नव्हे! आम्हाला हे फार आवडलं. ज्याने ठरवलं त्यानेच पुन्हा बघायचं, हा शब्दाचा गाभा त्या नियमात उतरला आहे. आपल्या मंडळांच्या सभांत हा नियम लावला तर निम्म्या सभा वेळेवर संपतील.

आपल्या समाजाने तर या शब्दाची किंमत चांगलीच मोजली आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये बेअर शेवाच्या बाजूचे आपले लोक तेल अवीवला सोहनूतच्या कचेरीसमोर धरणं धरून बसले, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. काळ्या म्हणून हिणवणं, कामं न मिळणं, पांढरा पाव नाकारणं अशा तक्रारी होत्या. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने परत पाठवण्यात आलं. आणि पुढे त्यांतल्याच बऱ्याच जणांनी पुन्हा इस्राएलला येण्याची मागणी केली. लोक त्यांना धरसोडीचे म्हणाले. आम्ही तसं म्हणणार नाही. एकदा तोललं, मग जगून बघितलं, मग पुन्हा तोललं. उपाशी पोटी तोलताना काटा हलणारच.

दुसरा प्रसंग लग्नाचा. फेब्रुवारी १९६२ मध्ये राब्बानूतने सूचना काढल्या की बेने इस्राएलपैकी कुणी दुसऱ्या ज्यूंशी लग्न करू लागलं तर आईच्या बाजूची पिढी जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन तपासावी. सूचनेत आपलं नाव घालून! त्याविरुद्ध लढा चालला, १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमला आपली माणसं बायकामुलांसह धरणं धरून बसली. लेव्ही एश्कोल पंतप्रधान होते. १७ ऑगस्ट १९६४ रोजी सुट्टीतल्या क्नेसेटची खास बैठक झाली आणि बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत असं सरकारने स्पष्ट केलं, आणि राब्बानूतने भेदभावाच्या भावनेची कारणं दूर करावीत असंही सांगितलं. ३१ ऑगस्टला राब्बानूतने सूचना बदलली. ‘बेने इस्राएल’ हे शब्द गेले आणि ज्याच्याबद्दल शंका असेल अशा कुणाचीही तपासणी, असं आलं.

आम्ही त्या वेळी मुंबईत शाळेत होतो. घरी आलियाची तयारी होत आली होती, पापांनी ट्रंकासुद्धा आणल्या होत्या. १९६२ ची बातमी आल्यावर त्यांनी त्या माळ्यावर चढवल्या. शेजारचे म्हणाले, यांनी इस्राएल सोडलं. पापा म्हणायचे, सोडलं नाही, थांबलोय. १९६४ मध्ये निकाल आला तेव्हा सिनेगॉगमध्ये काहींनी आनंद केला आणि काही म्हणाले, हे कसलं, नियम रद्द कुठे झाला? दोघांचंही खरं होतं. राब्बानूतने फेरविचार केला होता, नियम रद्द केला नव्हता. पापांनी तो मजकूर दोनदा वाचून घेतला, आमच्या मोठ्या बहिणीचं लग्नाचं वय होत आलं होतं म्हणून आणखी चौकशी केली, आणि ट्रंका आणखी काही वर्षं माळ्यावरच ठेवल्या. त्या खाली आल्या १९७१ मध्ये. त्यांतली एक अजून आमच्या बाल्कनीत आहे, हिवाळ्याच्या रजया ठेवायला.